आंबवड्याचा रस्ता आणि आषाढाचा वारा

बारामतीहून भोर तालुक्यातले आंबवडे साधारण शंभर किलोमीटरवर आहे. नकाशावर बोट फिरवून पाहिले तर हा जवळजवळ सगळा रस्ता नीरा नदीच्या सोबतीने, पण तिच्या उलट दिशेने जातो. नदी सह्याद्रीतून निघून पूर्वेला येते, आपण पूर्वेकडून सह्याद्रीकडे चढत जातो. आषाढात वाराही नदीसारखाच पश्चिमेकडून येतो. त्यामुळे या दिवसांत दुचाकीवरून आंबवड्याला जायचे म्हणजे जाताना सगळी वाट वारा छातीवर घ्यायचा आणि येताना पाठीवर.

गेल्या आषाढात आम्ही दोघे या वाटेने गेलो. एकटे नव्हे, काफिल्याने. नऊ गाड्या आणि सोळा माणसे. सात जोडपी आणि दोन अविवाहित मुले. आठ मोटरसायकली आणि एक स्कूटर. यात शिक्षक होते, एक औषधविक्रेते होते, कापडाच्या दुकानात बसणारे एक होते आणि सगळ्यांच्या गाड्या दुरुस्त करणारे गॅरेजवाले मामू व मामी होत्या. आवाज काढणारे सायलेन्सर बसवून रात्री गल्ल्या जाग्या करणारी टोळी डोळ्यांपुढे आणू नका. आमच्यातले बहुतेक जण चाळिशी ओलांडलेले, आणि आमच्यासारख्यांच्या घरात जोडप्याने प्रवास म्हणजे एखादे लग्न, एखादी मय्यत आणि अल्लाहने ताकद दिली तर उमरा. मधले काही नाही. लग्नाला वीस वर्षे झाली तरी केवळ बघायला म्हणून दोघे मिळून कुठे गेलो असे आम्हाला आठवेना. मुलांना दादीजवळ ठेवले आणि फजरची नमाज झाल्यावर निघालो.

निघण्याआधी दोन मशवरे झाले. पहिला अमीर नेमण्याचा. सफरीत तिघे असले तरी एकाला अमीर करावे ही आपल्याकडची शिकवण. ती काफिल्याला जितकी लागू तितकीच नऊ दुचाक्यांना. सगळ्यांनी मामूंचे नाव घेतले. मामूंनी एक अट घातली, अमीर सगळ्यांत मागे चालणार. गणिताच्या सरांना हे चमत्कारिक वाटले, कारण पुढारी म्हणजे पुढे. मग कुणीतरी आठवण दिली, की रसूलुल्लाह (स.) सफरीत काफिल्याच्या मागे राहत, थकलेल्या स्वाराला पुढे घेत आणि पायी चालणाऱ्याला आपल्यामागे बसवत, असे हदीसमध्ये आले आहे. सर गप्प झाले. त्यांना सगळ्यांत पुढची जागा दिली आणि वेग पंचेचाळीसच्या वर न्यायचा नाही असे बजावले. ते त्यांनी किती पाळले ते पुढे येईलच.

दुसरा मशवरा बायकांचा होता. तो आमच्या मते जास्त महत्त्वाचा, म्हणून जरा सविस्तर सांगतो. आपल्या घरांतल्या बायका दुचाकीवर मागे बसतात ते बुरखा, ओढणी, नकाब यांसह. वारा नसताना हे कापड जागच्या जागी राहते. वारा सुटला की बुरख्याचा घेर शिडासारखा फुगतो, ओढणीचे टोक मागे उडते आणि चाकाच्या आऱ्यांत किंवा चेनमध्ये गेले तर गाडीबरोबर मान ओढली जाते. असे अपघात आपण सगळ्यांनी ऐकलेले आहेत, काहींनी पाहिले आहेत. मामींनी प्रत्येकीचे कापड तपासले. बुरखा पुढून चेनचा आणि कमी घेराचा, खालचा काठ घोट्याजवळ नाडीने बांधलेला. ओढणीची दोन्ही टोके पिना लावून आत. नकाबावरून हेल्मेट बसत नाही म्हणून डोक्याला पातळ सुती टोपी, त्यावर हेल्मेट, आणि वरून वाऱ्याचे जाकीट. मामूंनी प्रत्येक गाडीची साडीगार्ड हलवून पाहिली. मागच्या चाकाचा किमान अर्धा भाग झाकणारे संरक्षण, धरायला कडी आणि पाय ठेवायला जागा या तीन गोष्टी केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 प्रमाणे मागे बसणाऱ्यासाठी गाडीला असायलाच हव्यात. एका हौशी मुलाने गाडी सुबक दिसावी म्हणून जाळी काढून टाकली होती. ती आदल्या रात्री परत बसली. हेल्मेट दोघांनाही हवे हे 1988 च्या कायद्यातच आहे, पण गावागावांत अजूनही ते फक्त चालवणाऱ्याच्या डोक्यावर, नाहीतर कोपराला अडकवलेले दिसते. मागे बसणारीचे डोके काय वेगळ्या मातीचे असते?

बारामती सोडली तेव्हा वारा नुसता जाणवत होता. माळेगाव, पणदरे, वडगाव निंबाळकर, करंजेपूल. रस्त्याच्या कडेने नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर पोसलेला ऊस. या भागात वर्षाला पाऊस जेमतेम पाचशे मिलिमीटर, तरी दोन्ही बाजूंना हिरवेगार. त्याचे कारण आम्ही जिकडे निघालो होतो तिकडे आहे. भोरजवळच्या भाटघर धरणाचे पाणी नीरेतून वीरपर्यंत येते आणि कालव्यांनी इकडे पसरते. बारामतीच्या शाळेत मुलांना भाटघर म्हणजे पुस्तकातले नाव वाटते. खरे तर ती रोज तेच पाणी पितात.

ऊस उंच होता तोवर वारा अडत होता. नीरा गावाचा पूल ओलांडून सातारा जिल्ह्यात शिरलो आणि आडोसा संपला. याच पुलाजवळ वारीत माउलींच्या पादुकांना नीरास्नान घालतात आणि पालखी लोणंदकडे जाते. वारी पुढे सरकून गेली होती. रस्ता मोकळा होता, फक्त कडेला मुक्कामाच्या खुणा, चुलीचे काळे दगड. त्या मोकळ्या रस्त्यावर वाऱ्याने पहिल्यांदा गाडी धरली.

वाऱ्याचे गणित सरांनी मुक्कामावर समजावले, ते इथेच देतो. हवेचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. गाडी ताशी 50 ने चालली आहे आणि हवा स्थिर आहे, तर अंगावर येणारा वारा 50 चा. समोरून 40 चा वारा असला तर अंगावर येणारा वारा 90 चा, आणि त्याचा रेटा मात्र पावणेदोनपट नव्हे, सव्वातीनपट. म्हणून इंजिन दमते, पेट्रोल उडते आणि चालवणाऱ्याचे खांदे भरून येतात. तरी समोरचा वारा सरळ असतो, त्याच्याशी जमवता येते. वाईट असतो तो आडवा. रस्त्याने वळण घेतले की समोरचा वारा बाजूचा होतो. ट्रकच्या शेजारून जाताना तो क्षणभर एकदम बंद होतो आणि ट्रक संपताच दुप्पट जोराने बरगडीत लागतो. गाडी हातभर सरकते. त्या हातभरात दुसरी कुणी गाडी नसावी, एवढीच दुआ.

वाऱ्याला शिव्या द्यायच्या नाहीत, असेही आपल्याला शिकवले आहे. त्याच्यातली भलाई मागायची आणि बुराईपासून पनाह मागायची. आणि या वाऱ्याची भलाई काही थोडी नाही. तो अरबी समुद्रावरून पाणी घेऊन येतो, सह्याद्रीच्या माथ्यावर ते ओततो आणि रिकाम्या हाताने, पण तेवढ्याच जोराने पूर्वेला उतरतो. म्हणून भोरच्या डोंगरात पाऊस आणि लोणंदला नुसता वारा. अरब नाखुदा याच वाऱ्यावर शिडाची जहाजे हाकत. ठरावीक ऋतूला ते मौसिम म्हणत. तोच आपला मौसम, आणि युरोपियनांच्या तोंडी गेला तो मान्सून. उर्दूत शिडाला बादबान म्हणतात, बाद म्हणजे वारा. आपण मराठीत सहज 'आज हवा फार आहे' म्हणतो, तेव्हाही अरबीच बोलत असतो. वर्गात हे सांगितले की मुलांना मौज वाटते. लोणंदच्या रस्त्यावर मौज वाटत नव्हती.

लोणंदच्या अलीकडे स्कूटर मागे पडू लागली. तिच्यावर आमच्या आळीतले सर्वांत लहान जोडपे होते. मुलीच्या लग्नाला दोन वर्षे झाली, तरी आळीत तिला अजून सगळे दुल्हनच म्हणतात. स्कूटर वजनाने हलकी, चाके लहान, पुढचा भाग रुंद. शहरात हिच्यासारखी सोयीची गाडी नाही. इथे मात्र प्रत्येक झोताबरोबर ती रस्त्याच्या मध्याकडे सरकत होती आणि नवरा तिला ओढून परत कडेला आणत होता. मामू मागून सारे पाहत होते. पुढे गणिताच्या सरांचा वेग पंचेचाळीसवरून साठावर गेला होता, कारण समोर मोकळा रस्ता दिसला की बऱ्याच पुरुषांना तो आपल्यासाठीच बांधला आहे असे वाटते. मामूंनी तीनदा लांब हॉर्न वाजवला. ही थांबण्याची ठरलेली खूण.

लोणंदच्या एका चहाच्या टपरीवर सगळे जमलो. पुरुष एका बाजूला, बायका दुसरीकडे. पुरुषांची चर्चा अशी : आता निम्मी वाट होत आली, आंबवडे दुपारपर्यंत गाठू, वारा काय नेहमीचाच. दुल्हनचा नवरा म्हणाला, "मला जमतंय, काही प्रश्न नाही." सगळ्यांसमोर कुठला तरुण वेगळे म्हणेल? इकडे दुल्हनच्या हातातला चहाचा कप बशीवर वाजत होता. मामींनी तिला विचारले, थंडी वाजते का. ती आधी हो म्हणाली. मग हळूच म्हणाली, "नाही मामी, भीती वाटते. दोन वेळा वाटलं की गेलो आता. पण त्यांना बोलले तर सगळ्यांत त्यांची मान खाली जाईल."

मागच्या सीटवर बसणाऱ्या आम्हा सगळ्यांनाच तिचे म्हणणे कळले. चालवणाऱ्याच्या हातात हँडल असते, ब्रेक असतो, झोत येणार हे त्याला समोरच्या झाडाच्या फांदीवरून अर्धा क्षण आधी दिसते. मागे बसणारीला काही दिसत नाही. पाठ दिसते. गाडी सरकली की ती सरकली एवढेच कळते. आपला जीव दुसऱ्याच्या मनगटावर टाकून बसायचे, आणि वर 'सावकाश' म्हटले तर टोकल्यासारखे होते, म्हणून तेही म्हणायचे नाही.

अरबीत स्वाराच्या मागे बसणाऱ्याला रदीफ म्हणतात. उर्दू शिकवताना आम्ही हा शब्द रोज वापरतो, पण गझलच्या संदर्भात. काफियाच्या मागोमाग शेरच्या शेवटी जो शब्द परत परत येतो तो रदीफ. मागे बसतो म्हणून रदीफ. पण शेर कुठे थांबणार हे तोच ठरवतो. आणि खैबरहून परतताना रसूलुल्लाह (स.) यांनी हजरत सफिय्या (र.) यांना उंटावर आपल्यामागे बसवले, त्यांच्यासाठी कपड्याचा आडोसा केला आणि चढण्यासाठी आपला गुडघा पुढे केला, हे आपण सीरतच्या जलशात दरवर्षी ऐकतो. ऐकून घरी येतो.

मामी उठून पुरुषांच्या बाजूला गेल्या. त्यांनी दुल्हनचे नाव घेतले नाही. मामूंना म्हणाल्या, "अमीरसाहेब, बायकांचा मशवरा झालेला नाही, तो घ्या." मामूंनी घेतला. एकेकीला विचारले. सातांपैकी चौघींनी सांगितले की स्कूटरने पुढे जाऊ नये. दोघींनी सांगितले की सगळ्यांनीच परत फिरावे. एकीला, औषधविक्रेत्यांच्या बेगमना, वारा आवडत होता आणि त्यांनी तसे हसत सांगितले. हेही ऐकायला बरे वाटले.

परत फिरायचे की नाही यावर वीसेक मिनिटे गेली. सर म्हणाले, हवामान खात्याचा अंदाज ताशी 40 ते 50 किलोमीटरच्या झोतांचा आहे. मग त्यांनीच बोफर्टची आठवण काढली. ब्रिटिश आरमारातल्या फ्रान्सिस बोफर्ट यांनी 1805 साली वाऱ्याची मोजपट्टी केली. तिचे जमिनीवरचे रूप फार सोपे आहे. मोठ्या फांद्या हलतात, विजेच्या तारा शिट्टी घालतात, छत्री धरवत नाही, हा सहावा आकडा, म्हणजे 39 ते 49 किलोमीटर. आख्खी झाडे हलतात आणि चालणाऱ्याला रेटा द्यावा लागतो, हा सातवा. आम्ही सगळे टपरीबाहेर जाऊन तारांकडे कान लावून उभे राहिलो. शिट्टी होती. झाडे मुळापासून हलत नव्हती. मामू म्हणाले, "सहाला मोटरसायकल जाते, हळू. साताला कोणीच जायचं नाही. झाडं डोलायला लागली की जिथे असू तिथे थांबायचं." यावर सगळ्यांचे एकमत झाले.

स्कूटरचा प्रश्न उरला. वाटणी अशी झाली की कुणाच्या मनाला खटकू नये. दोन अविवाहित मुलांपैकी एक दुल्हनचा सख्खा भाऊ होता. त्याने आपली मोटरसायकल बहीण आणि मेहुण्याला दिली आणि स्वतः दुसऱ्या मुलाच्या मागे बसला. स्कूटर लोणंदमध्येच औषधविक्रेत्यांच्या आतेभावाच्या अंगणात लावली. ते कांद्याचे व्यापारी. लोणंदचा कांदा बाजार मोठा, त्यामुळे अंगणात जागा कमी आणि पोती जास्त. स्कूटर पोत्यांच्या मधे शिरवली. नऊच्या आठ गाड्या झाल्या आणि मामूंनी नवा क्रम लावला. भावाच्या गाडीवरचे जोडपे आता सगळ्यांत पुढे. सर दुसरे. पुढच्या गाडीला ओलांडायचे नाही. म्हणजे सगळ्या काफिल्याचा वेग सर्वांत कमी सराव असलेल्याचा वेग झाला. ताशी 35, कधी 40. सरांचा चेहरा शिरवळपर्यंत पाहण्यासारखा होता, म्हणजे हेल्मेटमधून जेवढा दिसला तेवढा.

शिरवळला महामार्ग ओलांडला. या गावात नीरेच्या काठी एक लहान भुईकोट होता, सुभानमंगळ. 1648 साली आदिलशाही फौज आणि शिवाजी महाराजांचे मावळे यांच्यात इथे लढाई झाली. आता तिथे पाहण्यासारखे फारसे काही उरलेले नाही, पण नाव उरले आहे. अरबी सुभान आणि संस्कृत मंगळ एकाच शब्दात शेजारी बसलेले. भाषाशिक्षकाला एवढे पुरते.

भोरच्या रस्त्याला लागल्यावर देश संपतो आणि मावळ सुरू होतो, हे सांगायला पाटीची गरज पडत नाही. ऊस जाऊन भाताची खाचरे येतात. डोक्यावर प्लास्टिकच्या खोळी घेऊन बायका वाकून लावणी करत होत्या. डोंगर जवळ आले तसा वाऱ्याचा स्वभाव बदलला. आता तो सलग नव्हता, डोंगराच्या नाकाडावरून वळून कुठूनही येत होता, आणि त्यात पावसाची भुरभुर. भोरमध्ये आमच्या सोबतच्या एका मॅडमचे माहेर. तिथे चहा, गरम तांदळाच्या भाकरी आणि बायकांना ओले जाकीट वाळवायला चुलीची ऊब मिळाली. गावापासून जवळच येळवंडी नदीवर भाटघरचे धरण. इंग्रजांच्या काळात लॉईड धरण, आता येसाजी कंक जलाशय. साडेतेवीस टीएमसी पाणी. भिंतीकडे दुरूनच पाहिले. सकाळी कालव्याच्या काठाने निघालो होतो, त्याचे मूळ इथे होते.

भोरहून आंबवडे दहाएक किलोमीटर, रायरेश्वराच्या वाटेवर. गाव लहान, झाडी दाट. नागेश्वराचे जुने मंदिर, आणि त्याकडे नेणारा झुलता पूल. भोर संस्थानचे राज्य असताना, 1930 च्या दशकात, पंतसचिवांनी तो बांधला. पोलादी दोर, त्यांना टांगलेला अरुंद रस्ता आणि खाली ओढा. संस्थान 1948 साली विलीन झाले. पूल मात्र अजून लोकांच्या पायांखाली आहे.

त्या दिवशी तो नुसत्या वाऱ्यानेही हलत होता. जोराने नव्हे, पाळण्यासारखा. सरांनी टॅकोमाची गोष्ट काढली. अमेरिकेतला टॅकोमा नॅरोज पूल जुलै 1940 मध्ये खुला झाला आणि त्याच वर्षी 7 नोव्हेंबरला ताशी सुमारे 65 किलोमीटरच्या वाऱ्यात पीळ पडत पडत कोसळला. वादळ नव्हते. वारा साधाच, पण पुलाच्या बाजू भरीव होत्या, वाऱ्याला आरपार जायला वाट नव्हती, आणि पुलाचे हेलकावे वाऱ्याकडूनच बळ घेत वाढत गेले. माणसे वाचली, गाडीत अडकलेला एक कुत्रा गेला. आंबवड्याचा पूल त्याच्या तुलनेत खेळण्याएवढा, तरी ही गोष्ट त्यावर उभे राहून ऐकायची नसते. मामींनी सरांना तसे सांगितले. आम्ही दोन-दोन करून, अंतर ठेवून, पाय न आपटता पलीकडे गेलो. मधोमध आमचे हे थांबले, मागे वळले आणि विचारले, "जायचं ना पुढे?" वीस वर्षांत असा प्रश्न मागे वळून विचारला गेल्याचे आठवत नाही. हो म्हटले आणि गेलो.

देवस्थानाशेजारी बसायचे म्हणून डबे ठरवून शाकाहारी आणले होते. मटकीची उसळ, चपात्या, शेंगदाण्याची चटणी, लोणचे. मंदिरात आलेल्या एका कुटुंबाने त्यांच्या डब्यातल्या सांज्याच्या पोळ्या दिल्या, आम्ही उसळ दिली. त्या घरातल्या आजींनी हेल्मेट घातलेल्या आम्हा सात जणींकडे बराच वेळ पाहिले आणि विचारले, "पोरींनो, पोलिसात आहात का?"

मंदिराजवळ शंकराजी नारायण सचिवांची समाधी आहे. भोरच्या सचिव घराण्याचे मूळ पुरुष. राजाराम महाराजांच्या पडत्या काळात त्यांनी या भागातले किल्ले राखले. पुढे 1707 साली शाहू महाराज मोगलांकडून सुटून आले. शंकराजींनी निष्ठेची शपथ ताराबाईंना दिलेली, आणि गादीचा वारस तर समोर उभा. एकाशी इमान राखावे तर दुसऱ्याशी बेइमानी. त्या पेचात त्यांनी इथे आंबवड्यालाच प्राण सोडले असे सांगतात.

याच गावात कान्होजी जेधे आणि जिवा महाला यांच्याही समाध्या आहेत. जेध्यांचे कारी इथून जवळ. 1659 साली अफजलखानाच्या स्वारीच्या वेळी विजापूरहून मावळातल्या देशमुखांना फर्माने सुटली, तसे एक कान्होजींनाही आले, फारसीत. खानाला मिळा, नाहीतर परिणाम भोगा. कान्होजी पाच मुलांना घेऊन शिवाजी महाराजांकडे गेले आणि ते फर्मान त्यांच्यापुढे ठेवले. त्या वर्षी 10 नोव्हेंबरला प्रतापगडाखाली सय्यद बंडाचा वार जिवा महालांनी अडवला हे शाळेतले पोरही सांगते. त्याच दिवशी महाराजांच्या निवडक अंगरक्षकांत सिद्दी इब्राहिम होते, हे मात्र वर्गात विचारले तर फार थोडे हात वर होतात. आमच्या वर्गात आम्ही दोन्ही नावे एका दमात सांगतो.

जेवणानंतर पुन्हा मशवरा. ठरलेला बेत पुढे कोर्ल्यापर्यंत जाऊन रायरेश्वराचा डोंगर पायथ्यावरून पाहण्याचा होता. रस्ता चढाचा आणि उघडा. तरुण मुलांना जायचे होते, सरांनाही. या वेळी मामूंनी आधी मागच्या सीटला विचारले. आम्ही बाहेर येऊन ओढ्याकाठच्या झाडांकडे पाहिले. आता नुसत्या फांद्या हलत नव्हत्या, झाडे डोलत होती. बोफर्टचा सातवा. औषधविक्रेत्यांच्या बेगमसुद्धा नको म्हणाल्या. रायरेश्वर ढगात होता, तो तसाही दिसला नसता. लोणंदला ठरल्याप्रमाणे आम्ही तिथेच थांबलो. तासाभराने जोर उतरला आणि झाडे शांत झाली, तेव्हा भोरला परत आलो. पुरुषांनी मशिदीत आणि आम्ही मॅडमच्या माहेरी मुसाफिराची दोन रकात जोहर अदा केली.

परतीचा वारा पाठीवर होता. याचा अनुभव वेगळाच. गाडी चाळीसने चालली आहे, वाराही तेवढ्याच वेगाने मागून येतो आहे, आणि अंगाला हवाच लागत नाही. पाऊस तिरपा न येता सरळ खाली पडतो. कानातली घरघर बंद होते आणि सकाळपासून पहिल्यांदा पुढच्या सीटशी बोलता येते. आम्ही शिरवळपर्यंत बोलत आलो, घरचेच, मुलीच्या बारावीचे, गच्चीच्या गळतीचे. मामूंनी आधीच सांगून ठेवले होते की धोका याच शांततेत आहे. रेटा जाणवत नाही, काटा आपोआप साठावर जातो, आणि ब्रेक लावला की वारा गाडीला पुढेच ढकलतो. म्हणून अंतर दुप्पट. पेट्रोलही जाताना लागले त्याच्या पाऊणपटच लागले.

लोणंदला मगरिब झाली तेव्हा वारा पडला होता. या भागात पावसाळ्यातही तो बहुतेकदा दिवस मावळताना मंदावतो. स्कूटर पोत्यांमधून बाहेर काढली. आतेभावांनी कुणाला रिकाम्या हाताने जाऊ दिले नाही, प्रत्येक गाडीला पाच किलो कांदे. आता कांदे बांधायचे कुठे यावर चर्चा सुरू झाली. मोटरसायकलींवर जागा नव्हती, आणि सुटी पिशवी लटकवायला मामूंचा नकार. शेवटी बराचसा माल एका पोत्यात भरून स्कूटरच्या पायाजवळच्या मोकळ्या जागेत आडवा ठेवला आणि पोते दोरीने आवळले. दुल्हनने मागे बसून गाडी दोन्ही बाजूंना हलवून पाहिली आणि नवऱ्याला म्हणाली, "आता हलत नाही. चला, पण तीसच्या वर नाही."

घरी पोचायला इशा होऊन गेली. दादी जागी होती. तिने आधी कांदे पाहिले.